लाकूड कोरडंच होतं

माझं डोकं लवकर तापतं. बायको म्हणायची, तीस वर्षं बॉयलरसमोर उभा राहिलेला माणूस थंड कसा असेल? ती होती तोवर माझ्या तापण्याला कुणीतरी उलट बोलायचं. ती गेली आणि दोन वर्षांच्या आत मिलही बंद पडली. मग मी तापायचो ते भिंतीवर. भिंत उलट बोलत नाही, त्यामुळे भांडणात काही मजा राहिली नाही.

इंदूरच्या एका कापडमिलमध्ये मी बॉयलरवर होतो. आजोबा महूला पलटणीत, वडील मिलमध्ये, आणि वडलांच्या मागोमाग मी. काम सांगायला सोपं होतं. भट्टीत कोळसा टाकायचा, पाण्याची वाफ करायची, ती खात्यांत पोचवायची. पण खरं कसब आग लावण्यात नव्हतं. आग काय, कुणीही लावतो. कसब होतं आग दाबून ठेवण्यात. पाळी सुटली किंवा सुट्टी आली तरी आम्ही भट्टी विझू देत नसू. निखारे मागे ओढायचे, वर राख पांघरायची आणि हवेची झडप बोटभर उघडी ठेवायची. आग आत झोपून राहायची. दुसऱ्या दिवशी सळईने उकरली की उठून बसायची. माझ्या उस्तादाने पहिल्याच आठवड्यात कान पिळून सांगितलं होतं, "बेटा, जिसकी आग बुझी उसकी इज्जत बुझी." माझ्या हाताखालची भट्टी दिवाळीच्या सुट्टीतही कधी विझली नाही. याचा मला केवढा तरी गर्व होता. बाकी गर्व करण्यासारखं माझ्याकडे होतं तरी काय म्हणा.

मिल एकदम बंद झाली नाही. आधी कोळसा कमी यायला लागला, मग एक पाळी गेली, मग दुसरी. शेवटी एके दिवशी साहेब खाली आले आणि म्हणाले, "आज दबाना मत. जाने दो." मी पाणी मारलं नाही. स्टूल घेऊन समोर बसलो आणि ती आपोआप जाईपर्यंत बसून राहिलो. घरी आलो तर घरात कोण होतं ज्याला सांगणार?

पेपरात तेव्हा रोज उदारीकरण. विजय नगरच्या बाजूला प्लॉट कापले जात होते, रंगीत टीव्हीची दुकानं निघत होती, आणि आमच्या गल्लीत पन्नाशीचे धडधाकट पुरुष भर दिवसा लुंगीवर पत्ते कुटत होते. नागपूरहून मुलगी लिहायची, बाबा इकडे या. जावयाच्या घरी सासऱ्याने जायचं, दोन दिवस श्रीखंड खायचं आणि परत यायचं. राहायचं नाही. मी लिहिलं, मला फुरसत नाही. दिवसभर फुरसतच फुरसत होती, पण पोस्टकार्डावर ती दिसत नाही.

अशात एक मॅडम मला शोधत आमच्या गल्लीत आल्या. तुकोगंजातलं जुनं मराठी घराणं, पूर्वज संस्थानच्या कचेरीत होते म्हणे. त्या इथल्याच एका कॉलेजात इंजिनीअरिंग शिकवायच्या. त्यांचं मराठी इतकं शुद्ध की ऐकताना मला बूट काढून ठेवावेसे वाटायचे. मी म्हटलं, "मॅडम, मेरा मतलब, माझं मराठी जरा खिचडी आहे." त्या म्हणाल्या, "काका, मला भाषेचा माणूस नको, आगीचा हवाय."

त्यांची योजना अशी होती. इंदूरबाहेर राऊच्या पुढे, सडकेपासून दोन कोस आत एक गाव होतं. गावाची चराईची जमीन पडीक होती, नुसते दगड आणि कुसळं. मॅडमनी तीन वर्षांपूर्वी तिथे गावातल्या बायकांकडून सुबाभूळ लावून घेतली होती. हे झाड भलतं चिवट आणि वाढायला वेडं. तीन वर्षांत दोन पुरुष उंच. गुडघाभर खोड ठेवून वरचं कापायचं. पाऊस पडला की त्याच खोडातून पाच-सहा नवे फुटवे येतात. जमिनीचे तीन भाग करायचे, दरवर्षी एकच कापायचा. तिसरा कापेपर्यंत पहिला पुन्हा तयार. त्या लाकडाचे मुठीएवढे तुकडे करायचे, वाळवायचे, एका खास भट्टीत टाकायचे. भट्टीतून निघणाऱ्या गॅसवर गावचं इंजिन चालणार, आणि त्या इंजिनावर पिठाची चक्की आणि पाण्याचा पंप. डिझेल नावाला. हे एका गावात जमलं तर आजूबाजूच्या सहा गावांत करायचं, असं भोपाळच्या सरकारी साहेबांनी कबूल केलं होतं. नाही जमलं तर पंचायत जमीन परत घेणार आणि बायका घरी बसणार.

"लाकूड पिकवायचं, कापायचं, जाळायचं, पुन्हा पिकवायचं," मॅडम म्हणाल्या. "कोळसा एकदा जाळला की संपला, काका. हे संपत नाही." मला ते पटलं. कोळसा संपलेला मी डोळ्यांनी पाहिला होता.

मी गेलो. भट्टीच्या शेडला लागूनच एक खोली होती, तिच्यात राहायला लागलो.

त्यांची भट्टी मात्र मला पहिल्या दिवशी बिलकुल आवडली नाही. आमची भट्टी म्हणजे खाती-पिती बाई, जितकी हवा द्याल तितकी खूश. ही तर अर्धपोटी ठेवायची. हवा मोजून द्यायची, म्हणजे लाकूड धड जळत नाही, धुमसत राहतं, आणि जो धूर निघतो तो तळाच्या, लाकडाच्याच झालेल्या लाल कोळशाच्या थरातून खाली ओढायचा. त्या थरातून गेला की धुरातलं डांबर जळून जातं आणि उरतो तो साफ गॅस. तो इंजिनात जातो. सगळी करामत त्या कोळशाच्या थराची. मॅडमनी मला तीन-तीनदा बजावलं, "काका, ही दाबून ठेवायची नाही हं. संध्याकाळी सगळ्या झडपा घट्ट बंद करायच्या. आग गुदमरून विझली पाहिजे, म्हणजे खालचा कोळसा शाबूत राहील. सकाळी नव्याने पेटवायची." मी म्हटलं, "रोज विझवायची? रोज?" त्या म्हणाल्या, "रोज." मी मान डोलावली, पण मनातून मला ते पाप वाटायचं. संध्याकाळी झडप आवळताना मी दुसरीकडे बघायचो.

दिवस बरे जायचे. सकाळी आठ-दहा बायका यायच्या, कुऱ्हाडींचा आवाज, बोलणं, एकमेकींची टिंगल. संध्याकाळी त्या गेल्या की मात्र तिथे चिटपाखरू नसायचं. मी ट्रान्झिस्टर लावायचो. बातम्या संपल्या की शेतीचा भाव, तो संपला की भजनं. मी सगळं ऐकायचो, सोयाबीनचा भावसुद्धा. माणसाचा आवाज होता ना, बस. एकदा ट्रान्झिस्टरचे सेल संपले तर मी स्वतःशीच मोठ्याने बोलायला लागलो आणि स्वतःलाच घाबरलो.

बायकांची मुख्य होती तिला सगळं गाव जीजी म्हणायचं, म्हातारेही आणि पोरंही. पंचेचाळिशीची असेल. चेहरा करारी, बोलणं त्याहून करारी. मला ती पहिल्या दिवसापासून 'मिलवाले' म्हणायची. माझी ज्वारीची रोटी करपलेली बघून म्हणाली, "मिलवाले, तीस साल आग देखी और रोटी जला दी?" दुसऱ्या दिवसापासून ती दुपारची माझी रोटी घरून आणायची, वर लसणाची चटणी. मी एकदा धन्यवाद म्हटलं तर म्हणाली, "रोटी का क्या धन्यवाद. खाओ और चुप रहो." बायको गेल्यानंतर मला कुणी गप्प बस म्हटलं नव्हतं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

लाकूड वाळवणं जीजीकडे होतं. ओलं लाकूड या भट्टीला चालत नाही, पाण्याने कोळसा थंड पडतो आणि डांबर सरळ इंजिनात जातं. जीजी तुकडे पत्र्याखाली पसरायची, रोज उलटायची, आणि झाले की नाही ते कानाने ठरवायची. दोन तुकडे उचलून कानाजवळ एकमेकांवर आपटायचे. टण्ण वाजलं तर घ्या. जरा जरी बसका आवाज आला तर परत उन्हात. मला आधी हसू आलं. एकदा दिसायला खडखडीत असा अख्खा ढीग तिने नाकारला. मी चिडलो, म्हटलं, मला लाकूड कळत नाही काय? हट्टाने त्यातल्या दोन टोपल्या घातल्या. दहा मिनिटांत गॅस तपासायची ज्योत पिवळी पडली आणि धूर डोळ्यांत. जीजी नुसती पदर तोंडाला लावून हसत उभी राहिली. त्यानंतर तिने हो म्हटल्याशिवाय मी एक तुकडा आत टाकला नाही. दीड-दोन वर्षांत तिचा कान एकदाही चुकला नाही.

गावात तिला त्याचा मान होता. भांडण झालं तरी बायका म्हणायच्या, जीजी को पूछो.

मग भोपाळच्या साहेबांची तारीख आली. त्यांच्यासमोर इंजिन दिवसभर चालवून दाखवायचं होतं. आदल्या दिवशी मॅडम दुपारपासून तिथेच होत्या, चेहरा उतरलेला. यापूर्वी एक साहेब आले होते तेव्हा भट्टी पेटायला पाऊण तास लागला, आणि ते घड्याळ बघून निघून गेले होते. मॅडम पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "काका, उद्या वेळ लागता कामा नये." मी म्हटलं, "बेफिकीर राहा मॅडम. साहेब जीपमधून उतरतील आणि इंजिन सुरू असेल."

आणि मी काय केलं? जे तीस वर्षं केलं तेच. संध्याकाळी सगळे गेल्यावर झडपा बंद केल्या, पण हवेची एक झडप बोटभर उघडी ठेवली. आग दाबून ठेवली. मला वाटलं, आत झोपून राहील, सकाळी लगेच उठेल. मॅडम तोंडात बोट घालतील. इतका खूश होतो की त्या दिवशी ट्रान्झिस्टरही लावला नाही.

सकाळी झाकण उघडलं तर आत राख. आमच्या भट्टीत ढीगभर कोळसा असायचा, वर राखेचं पांघरूण असायचं. इथे कोळशाचा थर वीतभर, त्याने बोटभर हवेत हळूहळू स्वतःलाच खाऊन टाकलं होतं. मी बघताक्षणीच समजलो. इतका काही मी मूर्ख नाही.

यावर इलाज होता, हेही सांगतो. शेडच्या मागे लाकडी कोळशाची गोणी होती. दोन टोपल्या कोळसा आधी भरायचा, मग लाकूड, अर्ध्या तासात सगळं ठीक. पण मॅडम तोवर आल्या होत्या. कोळसा भरताना त्यांनी बघितलं असतं, विचारलं असतं, आधीचा कोळसा कुठे गेला? मग मला सांगावं लागलं असतं. भट्टीच्या माणसाने भट्टी बिघडवली, हे मी माझ्या तोंडाने सांगायचं? मी वरून लाकूड भरलं आणि मनात म्हटलं, पेटलं की आपला कोळसा आपणच करेल.

जीप आली. साहेब उतरले. इंजिन सुरू झालं, दोन मिनिटं बरं चाललं, मग खोकायला लागलं. पांढरा धूर शेडभर झाला. मॅडमनी गॅसची ज्योत बघितली, पिवळी, काजळी धरलेली. इंजिन थांबलं. परत सुरू केलं, परत थांबलं. उघडलं तर आत काळा चिकट थर, व्हॉल्व्ह जागच्या जागी अडकलेले. साहेब रुमाल नाकाला लावून उभे होते. त्यांच्यातला एक जण इंग्रजीत काहीतरी म्हणाला आणि दुसरा हसला. तासाभरात जीप निघून गेली.

दुपारी मॅडमनी सगळ्यांना शेडसमोर बसवलं. बायका होत्या, त्यांची माणसं कडेला उभी होती, जीजीचा नवराही होता. मॅडमचे हात कोपरापर्यंत डांबराने काळे झालेले. त्या रागावल्या नव्हत्या, थकल्या होत्या. त्यांनी विचारलं, "लकडी गीली थी क्या?"

सगळ्यांनी जीजीकडे बघितलं.

मी तिथून चार हातांवर बसलो होतो. एक वाक्य बोलायचं होतं. मॅडम, लाकूड कोरडंच होतं, मी आग दाबून ठेवली. एवढंच. जीभ टाळूला चिकटली, असं म्हणतात ना लोक, ती सबब आहे. माझी जीभ चांगली मोकळी होती. मी बोललो नाही. मला वाटलं जीजी भांडेल, म्हणेल, मी स्वतः वाजवून बघितलं होतं, माझा कान चुकत नाही. ती भांडली असती तर मॅडमनी पुढे विचारलं असतं, आणि कदाचित मी बोललो असतो.

पण जीजी स्वतःच्या हातांकडे बघत म्हणाली, "रही होगी."

तिचा नवरा उठला आणि घराकडे चालायला लागला. एक बाई म्हणाली, "हमारा तो सब गया." दुसरी म्हणाली, "इतना भरोसा किया था." दुसऱ्या दिवशी माझी रोटी आली नाही. रोटीवर माझा हक्कही राहिला नव्हता.

महिन्याभरात योजना बंद झाली. लाकडातल्या ओलीमुळे, असं कागदावर आलं. सहा गावांचा विषय पुन्हा निघाला नाही. पंचायतीने जमीन परत घेतली, झाडं ठेकेदाराने नेली. मी ट्रंक उचलली आणि इंदूरला आलो.

पुढची सगळी वर्षं मी विजय नगरला एका ऑफिसच्या इमारतीत चौकीदारी केली. राजेंद्र नगरला एक खोली घेतली होती, जाऊन-येऊन दोन तास टेम्पो, नंतर सिटी बस. फाटकावर खुर्ची, समोर गाड्या. दिवसाला हजार माणसं बघायचो आणि बोलायचो कुणाशी? "भिया, गाडी उधर लगाओ." हे सोडून तोंडातून काही निघायचं नाही. रिकाम्या डोक्यात एकच गोष्ट फिरायची. कधी वाटायचं, त्यात काय एवढं, तिने स्वतःच कबूल केलं. मग वाटायचं, तिने कबूल केलं कारण तिला स्वतःपेक्षा मिलवाल्यावर भरवसा होता. तीस वर्षं आग बघितलेला माणूस गप्प आहे, म्हणजे आग ठीकच असणार. हे ध्यानात आलं त्या दिवसापासून जेवण गोड लागेना.

मोतीबिंदूसाठी तुकोगंजच्या एका दवाखान्यात गेलो होतो, तिथे बाकावर मॅडम भेटल्या. केस पूर्ण पांढरे. त्यांनीच ओळखलं. "काका, तुम्ही?" इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग त्या म्हणाल्या, "मी निवृत्त होईपर्यंत शिकवताना त्या गावाचं उदाहरण द्यायचे. मुलांना सांगायचे, वाळलेलं लाकूड कुणाच्या शब्दावर घेऊ नका, मोजून घ्या."

मी म्हटलं, "मॅडम, लाकूड कोरडंच होतं." आणि तिथेच, सगळ्या पेशंटांच्या मध्ये, सगळं सांगून टाकलं. झडप, राख, कोळशाची गोणी, सगळं.

मला वाटलं ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. आतून त्यांचा नंबर पुकारला. उठता उठता म्हणाल्या, "हे मला कशाला सांगताय? माझी नोकरी झाली, पेन्शन झाली. जिला सांगायचं तिला सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळीच बस धरली. चराईच्या जागी आता मोठमोठी गोदामं होती, ट्रक उभे होते. गावात विचारत विचारत जीजीच्या घरी पोचलो. सुनेने बाज टाकली, पाणी दिलं. जीजी ओट्यावर बसली होती, खूप वाळलेली. मला बघून तिने एवढंच म्हटलं, "मिलवाले." बस म्हटलं नाही, का आलास विचारलं नाही.

अंगणात लाल मिरच्या वाळत घातल्या होत्या. सुनेने एक मूठ उचलून आणली आणि सहज विचारलं, "जीजी, सूख गई क्या?" जीजी तिच्याकडे न बघता म्हणाली, "मेरे से मत पूछ. मुझे नहीं समझता." सुनेलाही त्यात काही नवीन नव्हतं. ती स्वतःच एक मिरची मोडून बघत आत गेली.

मी सांगितलं. हिंदीत सांगितलं. आग मी दाबून ठेवली होती, कोळसा राख झाला, लाकूड कोरडं होतं, तुझा कान बरोबर होता, मला माहीत होतं आणि मी गप्प बसलो. मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर माफ करेल, नाहीतर शिव्या घालेल. या तिन्हींची तयारी मी बसमध्ये केली होती.

जीजी उठली. काठी घेतली. सुनेला बाहेर बोलावलं आणि मला म्हणाली, "फिर से बोलो."

मी सुनेसमोर पुन्हा बोललो.

"चलो," जीजी म्हणाली, आणि गल्लीत निघाली. मी मागे, माझ्या मागे सून. पहिल्या घरी त्या दिवशीची एक बाई होती, तीही म्हातारी झालेली. जीजीने तिला दारात बोलावलं. "बोलो." मी बोललो. ती बाई आधी माझ्याकडे आणि मग जीजीकडे बघायला लागली आणि खाली बसली. दुसऱ्या घरी बाई नव्हती, तिचा मुलगा होता. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. "बोलो." त्यालाही सांगितलं. तो म्हणाला, "अच्छा." तिसरं घर बंद होतं, दाराला गंजलेलं कुलूप. ती बाई वारून पाच वर्षं झाली, सुनेने मला हळूच सांगितलं. मी पुढे जायला लागलो तर जीजीने काठी आडवी धरली. "इसको भी बोलो." मी कुलपाला सांगितलं. गल्लीतली पोरं मागे जमली होती, कुणी हसत होतं. मला लाज वाटली, संताप आला, वाटलं, आता पुरे, म्हाताऱ्या माणसाची किती फजिती करायची? पण पाय तिच्या मागून चालत राहिले. दहा घरं झाली. शेवटच्या घरी माझा आवाज बसला होता.

परत आलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मला वाटलं आता चहा होईल. चार गोष्टी बोलू, मी हिला सांगेन की मुलीकडे गेलो नाही, एकटाच आहे. जीजी ओट्यावर थांबली नाही. थेट आतल्या खोलीत गेली आणि तिथून हाक मारली.

आत भिंतीवर तिच्या नवऱ्याचा हार घातलेला फोटो होता. ती त्याच्यासमोर उभी होती. "मरते दम तक बोले," ती म्हणाली. "तेरी गीली लकडी ने गांव को डुबाया. आखरी दिन भी." एवढं बोलून ती बाजूला झाली आणि मला पुढे उभं केलं.

मी फोटोला हात जोडले आणि बसक्या आवाजात सुरुवात केली, की लाकूड कोरडंच होतं, चूक माझी होती.

जीजीने काठी जमिनीवर आपटली.

"जोर से बोलो, मिलवाले. इनको कम सुनाई देता था."